ममी : मृत देहाचे जतन आणि जिवंत माणसाची किंमत

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘ममी’ असे सांगितले. मंडळी जरा चमकली. वर्धापनदिनाचा मंगल प्रसंग, घरोघरी खीर झालेली, आणि हा माणूस मढ्यांवर बोलणार! पण हा विषय आमच्या मनचा नाही. तो रविवारच्या संस्कारवर्गातल्या पोरांनी दिला. सिनेमा पाहून आलेल्या एकाने विचारले, “काका, ममी रात्री उठून चालते का?” दुसऱ्याने विचारले, “आपल्या धम्मातल्या एका भंतेंचीपण ममी आहे म्हणतात, खरं का?” पहिल्याला उत्तर सोपे होते : नाही, बाळा, उठत नाही. दुसऱ्याला उत्तर द्यायला मात्र पुस्तके चाळावी लागली. आम्ही काही प्राध्यापक नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या पाळीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

ममी म्हणजे काय?

आपण सगळे लहानपणी अजब बंगल्यात गेलो आहोत. १८६३ साली स्थापन झालेले हे आपल्या नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. तिथे प्राणी उभे करून ठेवले आहेत. कातडे खरे, पण आत भुसा. ती ममी नव्हे. ममी म्हणजे मेलेल्या माणसाचा खराखुरा देह, कातडी-मांसासकट टिकलेला. ‘ममी’ हा शब्द फारसीतल्या ‘मूम’ म्हणजे मेण या शब्दावरून आला. आपण मोमबत्ती म्हणतो ना, तोच हा मोम. मेणावरून तो शब्द डांबरासारख्या काळ्या औषधी पदार्थाला लागला, आणि इजिप्तमधली काळी पडलेली प्रेते पाहून लोक त्यांनाही तेच नाव देऊ लागले.

देह का कुजतो? त्यात पाणी असते, आणि पाणी असले की जंतू वाढतात. पाणी काढून घ्या, कुजणे थांबते. एवढेच त्यातले शास्त्र आहे. आता आम्ही देतो ती उपमा ऐकून तोंड वाकडे करू नका. आपल्या आज्या-पणज्या दोरीवर चान्या वाळवत होत्या. गरिबीने शिकवलेली ती विद्या होती. मांसाच्या पट्ट्या उन्हात खडखडीत वाळल्या की महिनोन्महिने टिकत. इजिप्तच्या राजवैद्यांनी हजारो वर्षांपूर्वी जे केले त्याचे मूळ तत्त्व आपल्या आजीला ठाऊक होते. फरक एवढाच की आजीने ते पोट भरायला वापरले, आणि त्यांनी मेलेला राजा टिकवायला.

पाणी काढण्याचे काम कधी ऊन आणि वाळू करते, कधी गार कोरडा वारा करतो, कधी मीठ करते. त्यामुळे काही ममी माणसाने बनवल्या आहेत आणि काही निसर्गाने. १९९१ च्या सप्टेंबर महिन्यात युरोपात आल्प्स पर्वतावर दोन गिर्यारोहकांना बर्फातून वर आलेले प्रेत दिसले. आधी वाटले, एखादा वाट चुकलेला डोंगर चढणारा असेल. तपासल्यावर कळले की तो ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस आहे! त्याला ‘ओत्झी’ म्हणतात. इटलीतल्या बोल्झानो गावी त्याला शून्याखालच्या थंडीत ठेवले आहे. २००१ साली क्ष-किरण तपासणीत त्याच्या खांद्यात बाणाचे टोक सापडले, म्हणजे त्याचा खून झाला होता. त्याच्या अंगावर ६१ गोंदण-खुणा आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या जागी आहेत. दुखण्यावर उपाय म्हणून त्या गोंदल्या असाव्यात असे शास्त्रज्ञांना वाटते. आमच्यासारख्या लूमपुढे उभे राहून कंबर मोडलेल्या माणसाला हे वाचून तो ओत्झी परका वाटेना.

इजिप्त : तीन दर आणि सत्तर दिवस

इजिप्तच्या लोकांची समजूत अशी की मेल्यावर माणसाचा आत्मा परत देहाकडे येतो. देह ओळखू आला नाही तर आत्मा भटकत राहील. म्हणून देह राखायचा. या कामाला सुमारे ७० दिवस लागत. मेंदू नाकावाटे आकड्याने ओढून फेकून देत. त्यांना मेंदूची किंमत कळली नव्हती! पोटाला डाव्या बाजूने चीर देऊन आतडी, जठर, यकृत, फुप्फुसे काढून वेगळी वाळवत. हृदय मात्र आत ठेवत, कारण परलोकात ते तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलले जाणार. मग सुमारे ४० दिवस देह नॅट्रॉनमध्ये पुरून ठेवत. नॅट्रॉन म्हणजे सुकलेल्या तळ्यातला खार, आपल्या पापडखाराच्या जातीचा. तो अंगातले पाणी ओढून घेई. नंतर तेल, राळ लावून कापडाच्या पट्ट्या गुंडाळत.

हेरोडोटस नावाचा ग्रीक लेखक अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे जाऊन आला. तो लिहितो की या कामाचे तीन दर होते : श्रीमंताचा, मधल्याचा आणि गरिबाचा. म्हणजे मरणातसुद्धा वर्ग होता, मंडळी! श्रीमंताला सगळा विधी. गरिबाचे पोट धुऊन त्याला खारात ठेवायचे आणि घरच्यांना परत द्यायचे. ज्याच्याजवळ तेवढेही नसेल तो सरळ वाळूत.

पण गंमत पहा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलिन गावचा एक माणूस आहे. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याला ना पेटी, ना खार, ना पुरोहित. वाळूच्या साध्या खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन पुरलेला. गरम वाळूने त्याचे पाणी शोषले आणि तो असा टिकला की डोक्यावरचे केससुद्धा शाबूत आहेत.

त्याहून मोठी गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची. तिथल्या समुद्रकाठच्या चिंचोरो लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ममी बनवायला सुरुवात केली, इजिप्तच्याही पुष्कळ आधी. ते मासे मारून पोट भरणारे लोक. त्यांच्यात राजा नव्हता, दर नव्हते. त्यांनी बायकांच्या केल्या, पुरुषांच्या केल्या, तान्ह्या लेकरांच्या केल्या, आईच्या पोटातच गेलेल्या गर्भांच्यासुद्धा केल्या. २०२१ साली युनेस्कोने त्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. लेकरू गेल्यावर आईला ते मातीआड करवत नाही, हे दुःख समजायला राजा असावे लागत नाही.

कापड कुणी विणले?

आता आमच्या खात्याचा विषय येतो. कुणी ममीचे चित्र दाखवले की लोक सोन्याचा मुखवटा बघतात. आमची नजर जाते ती कापडावर. सवयच तशी. ताणा किती, बाणा किती, सूत जाड की बारीक.

आपल्याकडे पुष्कळांना वाटते की ममीला भारतातली मलमल गुंडाळत. ऐकायला छान वाटते, पण राजांच्या त्या काळच्या पट्ट्या कापसाच्या नाहीत. त्या लिननच्या आहेत. लिनन म्हणजे जवसाच्या काडीचा धागा. होय, आपला जवस! जवसाची चटणी आपण भाकरीसोबत खातो, त्याच झाडाची ही करामत. आपण तेलाचे वाण लावतो, ते धाग्याचे लावत. अंबाडी जशी पाण्यात कुजवून तिचा वाख काढतात तशीच जवसाची काडी कुजवून, कुटून, विंचरून त्याचे सूत काढायचे आणि हातमागावर विणायचे. एकेका ममीवर शेकडो मीटर पट्ट्या सापडल्या आहेत.

आणि हे कापड दर वेळी नवे कोरे नसायचे. घरातल्या जुन्या चादरी, जुनी वस्त्रे फाडून पट्ट्या करत. काही कापडांवर रफू केलेले दिसते. म्हणजे कुण्या बाईने दिव्याच्या उजेडात बसून फाटलेली चादर सांधली, आणि तिचे ते टाके तीन हजार वर्षे टिकून आज काचेआड आहेत. राजाचे नाव पाटीवर आहे. त्या बाईचे कुठेच नाही. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या मायमाउल्यांनी हे लक्षात ठेवावे.

ज्यांनी या राजांची थडगी खोदली त्यांचीही गोष्ट सांगतो. राजांच्या दरीजवळ देर-अल-मदिना नावाची कामगारांची वस्ती होती. दगड फोडणारे, चित्रे काढणारे, सुतार असे लोक तिथे राहत. पगार पैशात नव्हता. गहू आणि जव मिळत. तिसऱ्या रामसेस राजाच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, धान्य वेळेवर आले नाही. लेकरे उपाशी. तेव्हा या कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीबाहेर पडले आणि राजाच्या देवळामागे जाऊन बसले. जगात ज्याची लेखी नोंद आहे असा हा पहिला संप! ती नोंद असलेला पपायरस इटलीत तुरीन शहरात जपून ठेवला आहे. धान्य मिळेपर्यंत ते हटले नाहीत, आणि पुढे पुन्हा थकले तेव्हा पुन्हा बसले. गेटवर बसलेल्या कोणत्याही गिरणी कामगाराला ही गोष्ट सांगून पहा, त्याला ती कालची वाटेल.

आणि त्या तिसऱ्या रामसेसचे काय झाले? त्याचे थडगे लुटले गेले. पुढच्या पुरोहितांनी अशा अनेक राजांचे देह गोळा करून एका खबदाडीत लपवले, ते १८८१ साली सरकारच्या हाती लागले. २०१२ साली त्याच्या ममीची तपासणी प्रसिद्ध झाली : गळ्यावर खोल वार होता. घरच्याच कटात तो मारला गेला असावा. सोने गेले, राज्य गेले, मारेकऱ्याचा घाव मात्र शिल्लक राहिला. तथागत ज्याला अनित्यता म्हणतात ती हीच.

आणखी एक सांगून पुढे जातो. युरोपात कित्येक शतके या ममींची पूड करून औषध म्हणून विकत होते, आणि चित्रकार तिच्यापासून तपकिरी रंग करत होते. अमर व्हायला निघालेली माणसे कुणाच्या तरी खोकल्याच्या पुडीत संपली.

बडोद्याचा कमाटी बाग

आता आपल्या देशात येऊ. कोलकाता, जयपूर, हैदराबाद इथल्या संग्रहालयांत इजिप्तच्या ममी आहेत. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये २०२० च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी शिरले तेव्हा कर्मचाऱ्यांनी धावपळ करून ममी वाचवली. पण आम्ही आज सांगणार आहोत ती बडोद्याची.

महाराजा सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या मराठी शेतकऱ्याचे पोर, दत्तक जाऊन बडोद्याचे राजे झाले. त्यांनी आपल्या संस्थानात १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. रयतेला जग पाहता यावे म्हणून त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, १८९४ साली संग्रहालय उभे केले. त्या संग्रहालयासाठी १८९५ साली त्यांनी इजिप्तची एक ममी विकत घेतली. ती आजही तिथे आहे. याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात पाठवले. हे उपकार आपण विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला आले. अमेरिकेत शिकलेला, लंडनहून आलेला विद्वान. पण शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून एका अडगळीच्या माडीवर राहिले. रात्री मिणमिणता दिवा, वटवाघळांची फडफड. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा जण वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते त्यांनी काढले कमाटी बागेत. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

बंधू-भगिनींनो, आम्ही काही सहकाऱ्यांसोबत २३ सप्टेंबरला तिथे गेलो होतो. त्या दिवशी देशभरातून लोक येतात. ज्या वडाखाली बाबासाहेब बसले असे सांगतात त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. वंदन करून आम्ही त्याच बागेतल्या संग्रहालयात शिरलो. निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहिला. मग काचेच्या पेटीतली ममी पाहिली. आणि आमचे पाय तिथेच थांबले.

विचार करा. १९१७ साली ही ममी तिथे येऊन बावीस वर्षे झाली होती. सात समुद्रापलीकडचे एक प्रेत. त्याची जात कुणी विचारली नाही. त्याचा स्पर्श कुणाला बाटवत नव्हता. त्याला पक्के छप्पर होते, काचेची पेटी होती, पहारा होता; लोक पैसे खर्चून त्याला पाहायला येत. आणि त्याच बागेत एक जिवंत माणूस, या देशाची घटना पुढे ज्याच्या हातून लिहिली जायची होती तो माणूस, डोक्यावर छप्पर नाही म्हणून झाडाखाली बसून रडत होता. राजा उदार होता, पण राजाच्या शहराला ते उदारपण शिवले नव्हते.

आमचा त्या ममीवर राग नाही. तोही बिचारा माणूसच. आपला देह कुठे नेला, कुणी विकला, त्याला काय ठाऊक! राग आहे तो अशा समाजावर, ज्याला मेलेला परका चालतो आणि जिवंत आपला चालत नाही. ही ममी बघायला जरूर जा. पण आधी वडाला वंदन करा आणि मग आत जा, म्हणजे जे पाहाल त्याचा अर्थ कळेल.

गुएचे भंते आणि गोव्याचे संत

आता त्या दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. होय, बौद्ध भिक्खूची ममी आपल्या देशात आहे. हिमाचल प्रदेशात स्पिती भागात, तिबेटच्या सीमेजवळ गुए नावाचे खेडे आहे. १९७५ च्या भूकंपात तिथला जुना स्तूप फुटला आणि आत बसलेल्या स्थितीत एक देह आढळला. लोक त्यांना सांघा तेनझिन म्हणतात. ते सुमारे ५०० वर्षांपूर्वीचे आहेत. तोंडातले दात, डोक्यावरचे केस दिसतात. गळ्याभोवती आणि गुडघ्याभोवती ध्यानाला बसताना वापरायचा पट्टा आहे. त्यांच्यावर खार नाही, पट्ट्या नाहीत. त्या मुलखाची कडक थंडी आणि कोरडी हवा यांनी देह राखला. गावकरी सांगतात की गावावर विंचवांचे संकट आले तेव्हा भंतेंनी गावासाठी देह ठेवला.

जपानमध्येही यामागाता भागात काही साधकांनी वर्षानुवर्षे धान्य सोडून, बिया, मुळे, झाडाची साल खाऊन देह सुकवला आणि शेवटी जमिनीखालच्या कोठडीत ध्यानाला बसून प्राण सोडला. पुढे तिथल्या सरकारनेच ही प्रथा बंद केली.

कुणाच्या श्रद्धेची टवाळी करायला आम्ही उभे नाही. त्या माणसांच्या निर्धारापुढे मान झुकते. पण हा तथागतांनी सांगितलेला मार्ग आहे काय, हे विचारण्याचा अधिकार तथागतांनीच आपल्याला दिला आहे. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेत सहा वर्षे शरीर वाळवून पाहिले होते. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. त्यातून ज्ञान मिळत नाही हे उमगल्यावर त्यांनी सुजाताची खीर घेतली. देह वाळवणे हा एक शेवट, देहाचे चोचले हा दुसरा शेवट, आणि धम्म या दोहोंच्या मधून जातो.

आणखी एक. गुएच्या ममीचे केस आणि नखे वाढतात असे मोबाईलवर फिरते. नखे वाढत नाहीत. देह वाळला की कातडी आकसते, मागे सरते, म्हणून नख लांब झाल्यासारखे दिसते. आपल्या पोरांना हे सांगा.

आपल्यापैकी पुष्कळ जण गोव्याला जाऊन आले असतील. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या बेटावर ते वारले. हाडे लवकर मोकळी व्हावीत म्हणून देहाबरोबर चुना घातला होता, पण काही महिन्यांनी उकरले तेव्हा देह शाबूत आढळला. मलाक्कामार्गे तो १५५४ साली गोव्याला आला. दर दहा वर्षांनी त्याचे दर्शन असते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. भाविक त्याला चमत्कार मानतात. आज तो देह वाळून आकसलेला आहे, आणि उजवा हात १६१४ सालीच रोमला नेलेला आहे. म्हणजे अनित्यतेचा नियम संतालाही आहे, राजालाही आहे. ख्रिस्ती बांधवांच्या भावनेचा मान राखून आपण आपली समज आपल्यापाशी ठेवावी.

कुसिनाराचे कापड

आनंदाने तथागतांना विचारले होते की तुमच्यामागे देहाचे काय करायचे. तथागतांनी भिक्खूंना सांगितले की त्याची चिंता तुम्ही करू नका, तुम्ही आपल्या साधनेला लागा. देहाचे काय ते गृहस्थ पाहतील. कुसिनाराच्या मल्लांनी मग काय केले? महापरिनिब्बान सुत्तात हे आले आहे : त्यांनी तो देह नव्या कापडात गुंडाळला, त्यावर पिंजलेला कापूस, पुन्हा कापड, पुन्हा कापूस, असे थरावर थर दिले. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही, कापसात जन्म काढलेली माणसे, पुस्तक मिटून जरा वेळ बसूनच राहिलो. इजिप्तमध्येही कापड, कुसिनारातही कापड. पण तिथे ते देह राखण्यासाठी होते. इथे शेवटचा मान देण्यासाठी. तो मान झाला आणि देह अग्नीला दिला. ज्या अस्थी उरल्या त्यांच्यावरून आठ राज्यांत भांडण लागायची वेळ आली, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने त्यांचे आठ सारखे वाटे केले. मागे मूठभर अस्थी राहिल्या आणि पंचेचाळीस वर्षांचा उपदेश राहिला. जग जिंकले ते उपदेशाने.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकाठी लाखोंच्या अश्रूंत अग्निसंस्कार झाला. आज तिथे चैत्यभूमी आहे, आणि आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. त्याआधी ३२ वर्षे, १९२४ साली, रशियात लेनिन वारला तेव्हा त्याचा देह औषधे भरून मॉस्कोत काचेत ठेवला. त्याच्या पत्नीने, क्रुपस्कायाने, असल्या बाह्य पूजेला विरोध केला होता. तरी तो देह आजही तिथेच आहे. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी स्पष्ट सांगितला होता : राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. माणसाला काचेत बंद केले की त्याचा विचारही हळूहळू काचेत जातो. लोक दुरून हात जोडतात आणि घरी जातात.

मग आपण काय राखायचे?

मित्रहो, भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या आणि बुंदी खाऊन घरी गेलो, असे होऊ नये. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. देह टिकवण्यापेक्षा तो कामी लावा. नेत्रदान करता येते. डोळे साधारणपणे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून नातलगांनी रडणे थोडे आवरून लगेच फोन करावा. देहदानाचा अर्ज मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. आपल्या राज्यात त्यासाठी १९४९ सालचा कायदा आहे. तिथेही देह औषध भरून राखतात, पण कुणा राजाच्या अमरपणासाठी नव्हे, तर उद्याच्या डॉक्टरला नस कुठे आणि हाड कुठे हे कळावे म्हणून. काही आजारांत आणि पोस्टमार्टेम झाले असल्यास देह घेत नाहीत, ते आधी विचारून घ्यावे. अर्ज भरला तरी मुलाबाळांची संमती लागते, तेव्हा जिवंतपणीच घरात बोलून ठेवा. ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नाही. आम्ही मात्र घरात सांगून ठेवले आहे.

दुसरी. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि वापरातल्या वस्तू आहेत. आपल्या शहराजवळ आहेत. सहल काढून मुलांना न्या. कापडाचा शत्रू दमट हवा, बुरशी, कसर आणि ऊन. आम्ही गिरणीवाले हे जाणतो. बाबासाहेबांचा कोट टिकवायला हार-फुले उपयोगाची नाहीत. त्याला शास्त्र लागते, पैसा लागतो आणि लक्ष ठेवणारा समाज लागतो. फोटोपुढे मेणबत्ती लावताना याचीही आठवण ठेवा.

तिसरी. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर पांढरी साडी, पांढरा सदरा घालून उभी राहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. जी आहेत ती नव्वदीच्या घरात. घरात, शेजारी असे कुणी आजी-आजोबा असतील तर या आठवड्यातच जाऊन बसा. त्या दिवशी काय पाहिले, कुठून पायी आलात, भाकरी कुणी बांधून दिली, घरातले देव कुठे विसर्जित केले, सगळे लिहून घ्या. मोबाईलमध्ये आवाज भरून घ्या. जुनी पत्रे, फोटो, समता सैनिक दलाचे बिल्ले पेटीच्या तळाशी कुजू देऊ नका. विहारात एक कपाट यासाठी वेगळे करावे अशी आमची समितीला विनंती आहे.

त्या रफू करणाऱ्या इजिप्तच्या बाईचे नाव कुणी लिहिले नाही. आपल्या आजीचे नाव लिहायला आपण आहोत.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!